स्विच एकच पुरे, बिघाड भरपूर हवेत

गोव्याच्या डिचोली तालुक्यातल्या एका वाचक मुलीचं हे पत्र. तिच्या विनंतीवरून नाव, गाव आणि हॉटेल गाळलं आहे. वय सत्तावीस, शिक्षण बी.कॉम. कांदोळीच्या एका हॉटेलात ती अकाउंट्स बघते. प्रिंटर अडला, वायफाय गेलं, बिलिंगचं मशीन हँग झालं की हाक तिलाच येते, कारण बाकी कोणाला त्यातलं कळत नाही. हळूहळू तिला याची गोडी लागली आणि नेटवर्क अ‍ॅडमिनिस्ट्रेटर व्हायचं तिने मनावर घेतलं. चवथीच्या आधी साडेतीन हजारांना एक जुना, चोवीस पोर्टांचा सिस्को कॅटलिस्ट २९६० स्विच (वायरने संगणक एकमेकांना जोडणारी पेटी) घेतला, व्हिडिओ बघून व्हीलॅन (एकाच स्विचवर वेगळी पाडलेली छोटी नेटवर्कं) बनवले, आणि लॅपटॉपचं इंटरनेट गेलं. लॅपटॉपचा नेटवर्कवरचा (आयपी) पत्ता १६९.२५४ ने सुरू होणारा दिसू लागला. ते निस्तरायच्या नादात पासवर्ड बदलला, तो आता आठवत नाही. तेव्हापासून स्विच कपाटावर आहे. त्याच्या पंख्याच्या घरघरीने आई वैतागली होती, ती आता खूश आहे. वडील म्हणतात, सरकारी भरतीचा अभ्यास कर.

ती विचारते: "चाळीस हजार साठवले आहेत. आणखी दोन स्विच आणि रूटर घेऊन घरची लॅब पुरी करू, की नोकरी सोडून पुण्याला तीन महिन्यांचा क्लास लावू? की हे माझं क्षेत्रच नाही असं समजून सोडून देऊ? साधा एक स्विच मला सांभाळता आला नाही. शिवाय सगळं क्लाउडवर गेल्यावर स्विच शिकून उपयोग काय, असं माझा मावसभाऊ म्हणतो."

तुझ्या प्रश्नांकडे वळण्याआधी तो स्विच कपाटावरून खाली काढ. तो बंद पडलेला आहे तोवर तू जे ठरवशील ते हिरमुसलेल्या मनाने ठरवशील, आणि चाळीस हजारांचा निर्णय असा घेऊ नये.

पासवर्ड विसरलेला स्विच उघडायची वाट सिस्कोनेच ठेवलेली आहे. पॉवरची वायर काढ. कन्सोलची निळी केबल लावून लॅपटॉपवर पुटी हा स्विचशी बोलायचा प्रोग्राम ९६०० च्या वेगाला उघडून ठेव. स्विचच्या पुढच्या बाजूला मोड नावाचं बटण आहे, ते दाबून धरूनच पॉवर परत लाव. सिस्टिमचा दिवा थोडा वेळ पिवळसर होऊन मग स्थिर हिरवा झाला की बटण सोड. पडद्यावर 'स्विच' एवढाच शब्द आणि कोलन दिसेल. तिथे 'फ्लॅश इनिट' दे, दोन शब्दांच्या मधे अंडरस्कोर घालून. मग 'कॉन्फिग डॉट टेक्स्ट' या फाइलचं नाव बदलून 'कॉन्फिग डॉट ओल्ड' कर आणि 'बूट' म्हण. जुनी फाइल न सापडल्यामुळे स्विच कोरा उठेल आणि सुरुवातीचे प्रश्न विचारेल, त्याला 'नो' सांग. 'इनेबल' कमांड देऊन आत शिरलीस की फाइलचं नाव पूर्ववत कर, ती चालू कॉन्फिगमध्ये कॉपी कर, नवा पासवर्ड दे, सेव्ह कर. व्हीलॅनचा इंटरफेस बंद राहिलेला दिसला तर त्याला 'नो शटडाउन' दे. पाच-दहा मिनिटांचं काम आहे.

हे करताना एक गोष्ट तुझ्या लक्षात येईल. स्विचपाशी उभं राहून बटण दाबायला आणि केबल लावायला मिळाली, तर कुठलाच पासवर्ड फार वेळ आड येत नाही. स्विच ठेवायच्या रॅकला कुलूप लागतं ते यासाठी. तुमच्या हॉटेलातला रॅक कुठे आहे, लाँड्रीच्या वाटेवर की जिन्याखाली? त्याची किल्ली कोणाकडे असते? उद्या कामावर गेलीस की बघून घे.

आता तो १६९.२५४ चा पत्ता. काय अडलंय ते त्या पत्त्याने तुला नेमकं सांगितलं होतं. लॅपटॉप नेटवर्कला जोडला की 'मला कोणी पत्ता देईल का' अशी हाक सगळ्यांना घालतो. कोणीच ओ दिली नाही तर स्वतःच १६९.२५४ मधला एक पत्ता घेऊन बसतो. तुझ्या घरी पत्ते वाटतो तो इंटरनेटवाल्याने बसवलेला वायफाय रूटर. तो राहिला व्हीलॅन १ मध्ये आणि लॅपटॉपचा पोर्ट तू टाकलास व्हीलॅन २० मध्ये. एका व्हीलॅनमधली हाक दुसऱ्यात ऐकू जात नाही, व्हीलॅन करतात तेच मुळी त्यासाठी. म्हणजे तुझा व्हीलॅन चोख झाला होता. राहिलं होतं ते पुढचं काम: वीसमध्ये पत्ते वाटणारं आणि वीसला बाहेरच्या जगाशी जोडणारं कोणीतरी बसवणं. नवख्यांसाठीचे पुष्कळ व्हिडिओ या पायरीच्या आधीच संपतात. आता लॅपटॉपवर वायरशार्क हा नेटवर्कवरची ये-जा दाखवणारा प्रोग्राम चालू करून तोच प्रयोग परत कर. डिस्कव्हर, डिस्कव्हर, डिस्कव्हर अशा ओळी एकामागून एक जाताना दिसतील आणि ऑफरची ओळ येणारच नाही. एकदा हे डोळ्यांनी पाहिलंस की 'वायफाय लागलंय पण नेट नाही' म्हणणाऱ्या गेस्टचा मोबाइल बघताना तुझी नजर आधी पत्त्यावर जाईल.

'साधा एक स्विच मला सांभाळता आला नाही' हे तुझं वाक्य मला सगळ्यात जास्त खटकलं. त्यामागे एक समजूत आहे की ज्याला हे काम येतं त्याचं कधी अडत नाही. तू हॉटेलात रोज जे बघतेस ते आठव. सगळं सुरळीत असताना नेटवर्कवाल्याला कोणी विचारतं का? त्याला बोलावतात ते अडल्यावर, आणि पगार मिळतो तो अडलेलं सोडवण्याचा. घरच्या स्विचवर अडलीस, तेही कुणाचं चेक-इन खोळंबलेलं नसताना, तर ती लॅब कारणी लागली. फक्त अडल्यावर पुढे काय करायचं हे सांगणारं तिथे कोणी नव्हतं, म्हणून तू त्याचा अर्थ 'मला येत नाही' असा लावलास.

आणखी दोन स्विच आणि रूटर आले की लॅब पुरी होईल, ही दुसरी समजूत. तुझं नेमकं अडलं होतं रूटिंगवर. २९६० हा मुळात एका पोर्टावरून दुसऱ्या पोर्टावर फ्रेम, म्हणजे माहितीची पुडकी, पोचवणारा स्विच, व्हीलॅनांना एकमेकांशी जोडणं हे त्याचं मुख्य काम नव्हे. ते काम एखादा जुना डेस्कटॉप करू शकतो. हॉटेलच्या अडगळीत असा एखादा नक्की पडलेला असेल, मॅनेजरला रीतसर विचारून घे. त्यावर लिनक्स टाक. त्याच्या एकाच नेटवर्क कार्डावर व्हीलॅन १० आणि २० साठी दोन उपइंटरफेस बनव, एकाला १९२.१६८.१०.१ दे, दुसऱ्याला १९२.१६८.२०.१. फॉरवर्डिंग चालू कर आणि पत्ते वाटायला डीएनएसमास्क नावाचा छोटा प्रोग्राम बसव. स्विचचा त्या बाजूचा पोर्ट ट्रंक, म्हणजे सगळ्या व्हीलॅनांची सामाईक वाट, कर. रायबंदरहून चोडणला जाणाऱ्या फेरीबोटीत सगळ्या वाड्यांच्या गाड्या एकत्र चढतात आणि पलीकडे उतरून आपापल्या रस्त्याला लागतात, तशा ट्रंकवरून सगळ्या व्हीलॅनांच्या फ्रेम जातात. कुठली फ्रेम कुणाची, हे तिच्यावरच्या चार बाइटांच्या टॅगवरून कळतं. त्या टॅगमधले बारा बिट व्हीलॅनच्या क्रमांकाचे. बारा बिट म्हणजे ४०९६ आकडे, त्यांतला पहिला आणि शेवटचा राखीव, म्हणून व्हीलॅन १ ते ४०९४. मूळ सेटिंगमध्ये व्हीलॅन १ च्या फ्रेम मात्र टॅगशिवायच जातात, आणि ट्रंकवरचे बरेच गोंधळ तिथून सुरू होतात.

जुना डेस्कटॉप मिळालाच नाही तर मायक्रोटिक कंपनीचा सगळ्यात लहान रूटर घे, दोन-तीन हजारांत येतो. तो घेण्याला आणखी एक कारण आहे. गेस्टने खोली नंबर किंवा व्हाउचर टाकून वायफाय उघडायचं, ती हॉटस्पॉटची सोय त्याच्या सॉफ्टवेअरमध्येच असते. किनारपट्टीवरच्या लहान-मध्यम हॉटेलांत काम करायचं तर त्याच्याशी गाठ पडेलच.

तीन स्विचांची मांडणी बघायची असेल तर संगणकावर नेटवर्कची नक्कल करणारा पॅकेट ट्रेसर आहे. सिस्कोच्या नेटवर्किंग अकॅडमीत नाव नोंदवलं की फुकट मिळतो. त्याला खेळणं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. रूट स्विच, म्हणजे बाकीचे ज्याच्यावरून आपली वाट ठरवतात तो, कोण होतो, एक ट्रंक तुटल्यावर वाट कशी बदलते, हे त्यात छान दिसतं. त्यात नाही ती अर्धवट क्रिंप झालेली केबल, चुकीच्या पोर्टात गेलेलं टोक आणि तुझ्या आईला नको झालेला पंखा. तेव्हा मोठी मांडणी पॅकेट ट्रेसरवर कर, वायरचं काम आणि बिघाड खऱ्या स्विचवर. पंख्याचं म्हणशील तर स्विच चोवीस तास चालू ठेवायची काहीच गरज नाही. सरावापुरता पडवीत लाव, झालं की बंद करून घरात ठेव. अर्थिंग असलेल्या तीन पिनांच्या सॉकेटलाच लाव, आणि पावसाळ्यात गडगडायला लागलं की वायर काढून टाक.

तर लॅबमध्ये कमी आहे ती बिघाडांची. व्हिडिओत सगळं पहिल्या फटक्यात चालतं, त्यामुळे तो बघून केलेली लॅबही एक तर चालते नाही तर गूढ होऊन बसते. बिघाड तू स्वतः घाल, एका वेळी एकच, आणि त्याची लक्षणं नीट बघून ठेव.

सुरुवात दिव्यापासून कर. लॅपटॉपची केबल लाव आणि पोर्टाच्या दिव्याकडे बघत बस. तो जवळजवळ अर्धा मिनिट पिवळसर राहील आणि मग हिरवा होईल. पुष्कळ जण तेवढ्यात केबल खराब आहे म्हणून उपटून टाकतात. त्या वेळात स्विच पंधरा सेकंद नुसता ऐकतो आणि पुढची पंधरा सेकंद मॅक पत्ते (प्रत्येक उपकरणाला कारखान्यातच मिळालेले पत्ते) शिकतो. या पोर्टातून निघालेली वाट फिरून आपल्याकडेच तर येत नाही ना, याची तो खात्री करून घेतो. हेच ते स्पॅनिंग ट्री. रेडिया पर्लमन या बाईंनी १९८५ मध्ये, डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये काम करत असताना, ते बसवलं. आता त्या पोर्टाला पोर्टफास्ट, म्हणजे हे थांबणं गाळायची सूट, दे आणि केबल परत लाव. दिवा लगेच हिरवा. पोर्टफास्ट नसलेल्या पोर्टावर कधीकधी मशीन त्या अर्ध्या मिनिटात पत्ता मागून थकतं आणि तुला तोच १६९.२५४ दिसतो. म्हणजे एकाच लक्षणाची दोन वेगळी कारणं तुझ्याकडे झाली, आणि त्यांतलं कुठलं ते ओळखायची खूणही: थोडं थांबून पत्ता परत मागितल्यावर मिळाला तर दोष व्हीलॅनचा नाही.

मग लूप करून बघ. आधी घरच्या रूटरची केबल काढ, नाही तर घरच्यांचं नेट जाईल. एका पॅच केबलची दोन्ही टोकं तुझ्याच स्विचच्या दोन पोर्टांत लाव. एक दिवा हिरवा होईल, दुसरा पिवळाच राहील. स्पॅनिंग ट्रीने ती वाट अडवली आहे. आता त्या व्हीलॅनसाठी स्पॅनिंग ट्री बंद कर आणि त्याच व्हीलॅनमधल्या लॅपटॉपवरून एखाद्या नसलेल्या पत्त्याला पिंग मार. एक तर सगळे दिवे एकदम, थांबायचं नाव न घेता लुकलुकायला लागतील, नाही तर स्विच स्वतःच पोर्ट एरर-डिसेबल, म्हणजे चूक दिसली म्हणून बंद, करून टाकेल. कुठलं झालं ते 'शो लॉगिंग'मध्ये वाच. केबल काढ, स्पॅनिंग ट्री परत चालू कर.

हे एवढं सविस्तर सांगतो आहे कारण कळंगुट पट्ट्यातल्या एका हॉटेलात नाताळच्या गर्दीत रिसेप्शन, रेस्टॉरंटचं बिलिंग आणि वायफाय सगळं एकदम ठप्प झालेलं मी पाहिलं आहे. इंटरनेटवाल्याला फोन झाले, सर्व्हर रीस्टार्ट झाला, काही फरक पडेना. शेवटी सापडलं ते असं: कॉन्फरन्स हॉल आवरताना कोणीतरी एक पॅच केबल लोंबकळताना पाहिली आणि तिचं मोकळं टोक नीटनेटकेपणाने भिंतीतल्या दुसऱ्या सॉकेटमध्ये खोचून टाकलं. मागे साधा स्विच होता, स्पॅनिंग ट्री न जाणणारा. आयपी पॅकेट किती रूटर ओलांडू शकतं याला मर्यादा घातलेली असते, इथरनेटच्या फ्रेमला अशी मर्यादाच नाही. सगळ्यांना उद्देशून घातलेली एक (ब्रॉडकास्ट) फ्रेम लूपमध्ये शिरली की फिरतच राहते, आणि तिच्या जोडीला दुसऱ्या येत जातात. लूप आधी कधी बघितलेला माणूस अशा वेळी सर्व्हरकडे धावत नाही, रॅकपाशी जाऊन दिवे बघतो.

तिसरा बिघाड सगळ्यात फसवा. स्विचच्या पोर्टावर वेग १०० आणि डुप्लेक्स फुल (दोन्ही बाजूंनी एकाच वेळी बोलायचं) असं पक्कं लिहून टाक, लॅपटॉपकडची बाजू ऑटोवरच राहू दे. लॅपटॉपला समोरून वाटाघाटीला कोणी भेटत नाही, म्हणून तो हाफ डुप्लेक्सवर, म्हणजे आळीपाळीने बोलण्यावर, उतरतो. पिंग व्यवस्थित जाईल. आता डेस्कटॉपवरून एखादी मोठी फाइल कॉपी कर, ती रडतखडत येईल. 'शो इंटरफेसेस'मध्ये त्या पोर्टाखाली सीआरसीचा, म्हणजे खराब होऊन आलेल्या फ्रेमचा, आकडा वाढताना दिसेल. 'नेट आहे पण स्लो आहे' या तक्रारीत इंटरनेट कंपनीला शिव्या घालण्याआधी हा आकडा बघायची सवय लावून घे.

आणि तो मावसभाऊ! त्याला रविवारी जेवायला बोलाव आणि सांग, स्विचवर एक गोष्ट बदल, कुठली ते मला सांगू नकोस. तो एखादा पोर्ट दुसऱ्या व्हीलॅनमध्ये टाकेल, ट्रंकवरून एक व्हीलॅन काढून टाकेल, पोर्ट शटडाउन करेल, किंवा डेस्कटॉपवर मास्क चुकवेल. तू फक्त 'शो'च्या कमांड वापरून शोधायचं: आधी 'शो इंटरफेसेस स्टेटस', मग 'शो व्हीलॅन ब्रीफ', मग 'शो इंटरफेसेस ट्रंक', मग 'शो मॅक अ‍ॅड्रेस-टेबल'. कारण सापडून ते तोंडाने सांगेपर्यंत एकही सेटिंग बदलायचं नाही. हा नियम जाचक वाटेल, पण अंदाजाने चार गोष्टी बदलून पाचवीने नेट आलं तर कशाने आलं ते कळत नाही, आणि आधीच्या चार चुका तशाच मागे राहतात. मॅक टेबलची नोंद काही हालचाल नसली तर पाच मिनिटांत पुसली जाते हेही याच खेळात लक्षात येईल. आणि जाता जाता: क्लाउडवरही सबनेट असतात, रूट टेबल असतात, कुठल्या पोर्टाला आत सोडायचं ते ठरवावं लागतं. शिवाय क्लाउडपर्यंत पोचायला हॉटेलच्या खोलीतून एखादी वायर किंवा वायफाय देणारा अ‍ॅक्सेस पॉइंट लागतोच. भावाला बिघाड घालता घालता हे आपोआप पटेल.

पासवर्डच्या प्रसंगासाठी एक सवय आत्ताच लावून घे. धोक्याचा बदल करण्याआधी चालू कॉन्फिग सेव्ह करायचं आणि 'रीलोड इन १०' द्यायचं. बदलामुळे स्वतःलाच बाहेर कोंडून घेतलंस तर दहा मिनिटांनी स्विच आपण होऊन रीस्टार्ट होतो आणि जुन्या सेव्ह केलेल्या स्थितीत येतो. बदल नीट लागला तर 'रीलोड कॅन्सल' देऊन मगच सेव्ह करायचं. लांबच्या ठिकाणचे स्विच सांभाळणारे कित्येक जण हेच करतात.

तू बी.कॉम. असल्याचं जरा संकोचाने लिहिलं आहेस. मला त्यात तुझा फायदा दिसतो. नोंद ठेवणं आणि फरक सापडेपर्यंत ताळा करत राहणं हे तुझं रोजचं काम आहे, आणि नेटवर्कच्या कामात नेमकं हेच कमी आढळतं. कुठला पोर्ट कुठल्या खोलीला जातो याचा कागद नसलेले रॅक जागोजाग आहेत. एक जाड वही कर. प्रत्येक बिघाडाला एक पान: लक्षण काय, आधी काय वाटलं, काय तपासलं, कारण काय निघालं, उपाय काय. 'आधी काय वाटलं' हे वगळू नकोस, चुकलेला अंदाजही तसाच राहू दे. मुलाखतीत 'अनुभव किती' असं विचारलं की ही वही समोर ठेवायची. मी उमेदवार निवडायला बसतो तेव्हा अशी वही असलेल्याकडे सर्टिफिकेट नसलं तरी त्याच्याशी तासभर बोलावंसं वाटतं.

आता पैसे. सीसीएनए या सिस्कोच्या नेटवर्किंग सर्टिफिकेटची परीक्षा, २००-३०१ क्रमांकाची, एकच पेपर, एकशे वीस मिनिटं. फी तीनशे डॉलर आणि वर कर, म्हणजे रुपयांत पंचवीस हजारांच्या पुढेच. तुझ्या चाळीस हजारांतला मोठा वाटा या परीक्षेसाठी बाजूला ठेव आणि स्विचांवर घालवू नकोस. सर्टिफिकेट तीन वर्षं चालतं, म्हणून घाईने परीक्षा देऊन मग नोकरी शोधत बसण्यापेक्षा तयारी झाल्यावर दे. उरलेल्यातून क्रिंपिंगचं चांगलं पक्कड, केबल टेस्टर आणि शुद्ध तांब्याच्या तारेची केबल घे. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची केबल बाजारात स्वस्त मिळते. ती वाकवली की तुटते, आणि तिच्यावरून अ‍ॅक्सेस पॉइंटला वीज द्यायला गेलं तर तापते.

पुण्याच्या क्लासला मी सरसकट नको म्हणणार नाही. क्लास तीन गोष्टी देतो: वेळापत्रक, विचारायला माणूस आणि बरोबरीचे सोबती. एकटीने शिकताना तुझं नेमकं यातच अडलं. पण नोकरी सोडण्याआधी क्लासवाल्यांना फोन करून विचार: एका रॅकवर किती विद्यार्थी बसवता? संध्याकाळी रॅक सरावाला मोकळा मिळतो का? बिघाड शोधण्याचे तास वेगळे असतात का? शंभर टक्के नोकरीची हमी म्हणाले की ती लेखी मागून बघ. तीन महिने राहण्याजेवणाचा खर्च आणि बुडालेला पगार फीच्या जोडीला धर. आधी सहा महिने वही भर. नंतरही एकटीने पुढे सरकत नाही असं वाटलं तर खुशाल जा, तेव्हा तिथल्या तीन महिन्यांचं तुला सोनं करता येईल.

'खरं नेटवर्क पुण्यातच' ही समजूत मात्र सोड. वेर्ण्याचे औषध कारखाने, मोपाचा विमानतळ, बांबोळीचं इस्पितळ, वास्कोची गोदी, झुआरीनगर आणि कुंकळ्ळीच्या तंत्रशिक्षण संस्था, आणि बागा ते सिकेरीपर्यंतची हॉटेलं, या सगळ्यांना नेटवर्क सांभाळणारी माणसं लागतात. फक्त नेटवर्कच बघायचं अशी जागा आपल्याकडे कमी, बहुतेक ठिकाणी एकाच माणसाला कॅमेरे, प्रिंटर आणि वायफाय सगळं बघावं लागतं, आणि पगार पुण्याहून कमी. हे आधीच माहीत असलेलं बरं. पण तू आज एका नेटवर्कच्या आत बसलेली आहेस, आणि बाहेरून शिकणाऱ्याला ही संधी सहज मिळत नाही.

त्या संधीचा उपयोग असा कर. व्हेंडरची मुलं येतात तेव्हा 'मॅडम, तुम्ही फक्त सही करा' म्हणतात, असं तू पत्राच्या शेवटी लिहिलं आहेस. मॅनेजरकडे जा आणि सांग की एएमसीच्या (वार्षिक देखभाल कराराच्या) पुढच्या बिलाआधी हॉटेलला चार गोष्टी मिळायला हव्यात: नेटवर्कचा नकाशा, पोर्टांची यादी, प्रत्येक उपकरणाच्या कॉन्फिगची प्रत आणि पासवर्ड बंद लिफाफ्यात. हे हॉटेलच्या हिताचं आहे, नाही म्हणायला कोणाला कारण सापडत नाही. आणि ते घेण्याचं, तपासण्याचं काम माझ्याकडे द्या, असंही सांग. मुलं शिडीवर चढली की खाली उभी राहा आणि विचार. समुद्राच्या बाजूच्या अ‍ॅक्सेस पॉइंटमधली केबल काढून तिची टोकं बघ, खाऱ्या हवेने गंज चढलेला असतो. दोन इमारतींमधून तांब्याची केबल उघड्यावरून गेली असेल तर मे महिन्याच्या आत ती बदलून फायबर घालायला सुचव. दर पावसाळ्यात विजेने स्विच जळतात ते बऱ्याचदा अशा केबलमुळे.

एका बाबतीत मात्र कडक राहा. घरचा स्विच हॉटेलच्या नेटवर्कला कधीही लावायचा नाही, 'पोर्ट कमी पडले, दोन दिवसांपुरता' असं कोणी म्हटलं तरी. जुन्या स्विचचा मॅक पत्ता बहुधा लहान असतो, आणि सगळ्यांची प्रायॉरिटी मूळचीच असेल तर लहान मॅकवाला रूट होऊन बसतो. त्याहून वाईट म्हणजे व्हीटीपी, व्हीलॅनची यादी एका स्विचवरून बाकीच्यांवर पोचवणारी सिस्कोची सोय. डोमेनचं नाव आणि पासवर्ड जुळला आणि तुझ्या स्विचचा रिव्हिजन नंबर (यादी किती वेळा बदलली त्याचा आकडा) मोठा असला, तर ट्रंक जोडताच तुझ्या लॅबमधली व्हीलॅनची यादी हॉटेलच्या सगळ्या स्विचांवर उतरते आणि त्यांची पुसली जाते. तुझा स्विच नुसती यादी घेणाऱ्या क्लायंट मोडमध्ये असला तरी. तुझा स्विच आधी कोणाच्या कंपनीत होता, त्यात काय उरलंय कोण जाणे. आजच तो या देवघेवीतून बाहेर ठेवणाऱ्या ट्रान्सपरंट मोडमध्ये टाक, म्हणजे रिव्हिजन शून्यावर येईल. सगळं पुसायचं असेल तर 'राइट इरेज'ने भागत नाही, व्हीलॅन फ्लॅशमधल्या 'व्हीलॅन डॉट डॅट' या वेगळ्या फाइलमध्ये राहतात, तीही काढावी लागते.

वडिलांशी वाद घालू नकोस. सरकारी भरतीचा अर्ज भरायचा असेल तर भर, रोजचा तासभर अभ्यासही कर, आणि रविवारची सकाळ स्विचसाठी मागून घे. साखळी काय, वाळपई काय, कांदोळीला जाऊन-येऊन नोकरी करणाऱ्या मुलीकडे यापेक्षा जास्त वेळ नसतो. सत्तावीस हे वय उशिराचं नाही, हॉटेलचा कारभार आतून कळलेल्या माणसाला तर नाहीच.

वहीची पाच-सहा पानं झाली की त्यांचे फोटो पाठव. पेडण्याहून आणि काणकोणहूनही अशीच पत्रं येतात, त्यांच्यासाठी तुझे एक-दोन बिघाड नाव न घेता या सदरात छापू. पासवर्ड आणि हॉटेलचे आयपी पत्ते तेवढे खोडून पाठव.